सोळा आण्यांतला एकच तीन

सामाईक विहिरीत कुणाचा वाटा किती, हे बारामती-इंदापूरच्या जुन्या शेतकऱ्याला विचारलं तर उत्तर टक्क्यांत येत नाही. 'चार आणे', 'आठ आणे', नाहीतर 'पाच आणे चार पै' असं येतं. १ एप्रिल १९५७ रोजी देशात शंभर पैशांचा रुपया आला आणि आणा-पै बाजारातून हळूहळू नाहीसे झाले. वाटपाच्या कागदांत, विहिरीच्या हिश्शांत आणि घरातल्या बोलण्यात मात्र ते टिकून राहिले. जुन्या वाटपाच्या कागदावर ०-५-४ असं काही दिसलं तर ते वाचायचं रुपये शून्य, आणे पाच, पै चार. अख्खी विहीर म्हणजे एक रुपया आणि हा तिचा तिसरा हिस्सा.

हा आकडा तीन भावांतून येतो. सोळा आण्यांचे तीन वाटे केले की पाच-पाच आणे जातात आणि एक आणा उरतो. आण्याच्या बारा पै, म्हणून तो उरलेला आणाही चार-चार पैंनी तिघांत निघून जातो. मागे काही राहत नाही. सगळाच रुपया पैंमध्ये मोडला तर १६ × १२ = १९२ पै होतात आणि १९२ भागिले ३ म्हणजे ६४. ज्या संख्येने भागल्यावर बाकी शून्य राहते ती विभाजक. तेव्हा ३ हा १९२ चा विभाजक झाला. ५ नाही, पाच भावांना अडतीस-अडतीस पै दिल्या तरी दोन पै उरतातच.

१९२ चे सगळे विभाजक शोधायचे तर एकापासून एकशे ब्याण्णवपर्यंत प्रत्येक संख्येने भागून पाहायची गरज नाही. विभाजक जोडीने येतात. १ सोबत १९२, २ सोबत ९६, ३ सोबत ६४, ४ सोबत ४८, ६ सोबत ३२, ८ सोबत २४, १२ सोबत १६. पुढे जायचं कारण नाही, कारण १४ × १४ = १९६, म्हणजे १९२ च्या पलीकडे. जोडीतले दोघेही चौदा किंवा त्याहून मोठे असले तर गुणाकार १९२ च्या वर जाईल. म्हणून जोडीतला एक तरी तेराच्या आत सापडलाच पाहिजे. तेरापर्यंत तपासलं की काम संपलं. सात जोड्या, चौदा विभाजक. ज्यांनी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी तोंडपाठ केली, त्या पिढीला हे तपासणं फार जड जात नसावं. पाढा उलटा वाचला की विभाजकच दिसतात.

आता तीच संख्या तळापर्यंत फोडू. १९२ म्हणजे २ × २ × २ × २ × २ × २ × ३. सहा दोन आणि एक तीन. दोन आणि तीन या मूळसंख्या, त्यांना आणखी फोडता येत नाही. या फोडणीतून विभाजकांची संख्या न मोजताही कळते. विभाजक बनवताना दोन किती घ्यायचे? एकही नाही, एक, दोन, असं सहापर्यंत, म्हणजे सात पर्याय. तीन घ्यायचा की नाही, हे दोन पर्याय. ७ × २ = १४. जोड्यांनी आलेलं उत्तर हेच.

शंभरची फोडणी २ × २ × ५ × ५. तिथे ३ × ३ = ९ विभाजक. शंभर पैशांचा रुपया पाच जणांत आणि दहा जणांत सुरेख वाटला जातो, तिथे जुना रुपया हरतो. पण तीन, सहा, आठ, बारा, सोळा या वाट्यांना नवा रुपया अडतो, जुना अडत नाही. दशमान पद्धत आकडेमोडीला सोपी आहे यात वाद नाही. वाटणीला मात्र ती जुन्या रुपयापेक्षा थोडी कंजूस आहे.

१९२ ची आणखी एक गंमत. नाशिकजवळच्या देवळालीत शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांनी ज्या संख्यांना त्यांच्याच अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जातो, त्यांना 'हर्षद संख्या' असं नाव दिलं. एक, नऊ आणि दोन मिळून बारा, आणि १९२ भागिले १२ बरोबर १६. आण्यातल्या पै आणि रुपयातले आणे एकाच भागाकारात समोर येतात. हा निव्वळ योगायोग, पण कापरेकरांना तो आवडला असता.

या फोडणीत माझ्या मते खरी गोष्ट पुढे आहे. सोळा आण्यांत तीन फक्त एकदाच आहे. तीन भावांची वाटणी झाली, प्रत्येकाकडे ६४ पै आल्या, की तो एकुलता तीन खर्च झाला. ६४ मध्ये सहा दोन उरले आहेत, दुसरं काही नाही. घरात दर पिढीला दोनच मुलगे असते तर ६४, ३२, १६, ८, ४, २, १ अशा सहा वाटण्या एकही पै न मोडता होतील. पण त्या तिघांपैकी एकाच्या घरी पुन्हा तीन वारस आले की प्रत्येकाला एकवीस पै आणि वर एक तृतीयांश पै. पैचा तिसरा हिस्सा कोणत्याही टांकसाळीने कधी पाडला नाही. इथून पुढे कागदावर अपूर्णांक येतो, नाहीतर एका भावाला एक पै जास्त जाते. ती कुणाला गेली हे घरातली माणसं विसरत नाहीत.

विहिरीचं हे असं. जमिनीचं काय? तिच्या मापांची गोष्ट तर थेट इंदापूरचीच आहे.

पेशवाई गेल्यावर इंग्रजांनी पुणे जिल्ह्यात जमीन मोजून सारा ठरवायला घेतला. आर. के. प्रिंगल याची आकारणी १८३० पासून इंदापूर तालुक्यात लागू झाली आणि ती इतकी जड ठरली की जमिनी पडीक पडल्या, रयत गावं सोडून गेली. मग गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी १८३६ च्या सुमारास याच तालुक्यात नव्या पद्धतीने मोजणी आणि आकारणी केली. तीस वर्षांसाठी सारा बांधून दिला. पुढे मुंबई इलाख्यात जी पद्धत पसरली, तिची सुरुवात इंदापूरची.

या मोजणीची साखळी ३३ फुटांची होती आणि तिचे सोळा भाग पाडलेले असत. त्या भागांनाही नाव आणेच. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद चौरस म्हणजे एक गुंठा, ३३ × ३३ = १०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर. तेहतीसच का? एडमंड गुंटर या इंग्रज गणितज्ञाने १६२० मध्ये ६६ फुटांची साखळी प्रचारात आणली होती आणि अशा दहा चौरस साखळ्यांचा एक एकर भरत असे. इथली साखळी तिच्या बरोबर निम्मी, म्हणून तिचा चौरस चौथाई आणि दहाच्या जागी चाळीस.

जमिनीचा कसही आण्यांतच. याच मोजणी पद्धतीच्या १८४७ च्या संयुक्त अहवालात मातीच्या नऊ प्रती आहेत: सोळा आणे, चौदा, बारा, दहा, आठ, सहा, मग साडेचार, तीन आणि दोन. पहिल्या सहा प्रती दोन आण्यांच्या मापाने मोजता येतात. सातवी साडेचार आण्यांची आली की सगळ्यांना मोजणारं सामाईक माप एकदम अर्ध्या आण्यावर घसरतं. माळरानाच्या हलक्या मातीला फरक बारीक करावा लागला, त्याचा हा परिणाम.

आकडे सुबक वाटले गेले म्हणून सारा हलका होतो असं मात्र नाही. तीस वर्षांची मुदत संपल्यावर इंदापुरात फेरआकारणी झाली आणि सारा चढला. १२ मे १८७५ रोजी सुप्यात, म्हणजे आजच्या बारामती तालुक्यात, रयतेने सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे काढून जाळले. त्या उठावामागे कर्ज, व्याज, पडलेले भाव आणि वाढलेला सारा अशी बरीच कारणं होती. पैंची बेरीज चुकली हे त्यांत नव्हतं.

पुन्हा विभाजकांकडे. चाळीस गुंठ्यांची फोडणी २ × २ × २ × ५. तीन कुठेच नाही. तिघांना तेरा-तेरा गुंठे दिले की एक गुंठा उरतो. तो सोळा आण्यांत मोडला तरी पाच-पाच आणे जाऊन एक आणा उरतोच. पैशाच्या हिशेबात बारा पै मदतीला येतात, गुंठ्यांच्या मोजणीत त्या नाहीत. पण चौरस फुटांत उतरलं की चित्र बदलतं. एकराचे ४३,५६० चौरस फूट आणि त्याची फोडणी २ × २ × २ × ३ × ३ × ५ × ११ × ११. तेहतीस फुटी साखळीने दोन तीन आत आणले, शिवाय दोन अकरा. तीन वारसांची वाटणी पहिल्यांदा १४,५२० वर, दुसऱ्यांदा ४,८४० वर, दोन्ही वेळा पूर्ण. तिसऱ्यांदा मात्र अडते.

त्याआधीची मराठी मापं पाहिली तर वीस काठ्यांचा पांड, वीस पांडांचा बिघा आणि एकशेवीस बिघ्यांचा चाहूर. १२० ची फोडणी २ × २ × २ × ३ × ५. त्याला १६ विभाजक आहेत आणि १२० च्या खालच्या कोणत्याही संख्येला इतके नाहीत. दोन, तीन, चार, पाच, सहा, आठ, दहा, बारा, यांतले कितीही हिस्सेदार आले तरी बिघा मोडावा लागत नाही. ज्यांनी ही मापं ठरवली त्यांनी फोडणी मांडून पाहिली होती असं मी म्हणणार नाही. पण वाटणी ज्यांच्या रोजच्या कामाची, त्यांच्या हाताला अशाच संख्या लागतात.

आता सातबारा हेक्टर-आरमध्ये असतो. एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर, फोडणी चार दोन आणि चार पाच. तीन एकही नाही. तीन भावांना तेहतीस आर तेहतीस चौरस मीटर दिले की एक चौरस मीटर उरतो.

वाटण्यांचा वेग कमी नव्हता. डॉ. हॅरल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर गावाचा अभ्यास केला. तो १९१७ मध्ये छापला गेला. त्यात १७७१ साली सरासरी धारणा ४० एकर होती, ती १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आली होती. तुकडेबंदीचा कायदा पुढे १९४७ मध्ये आला.

एका संख्येचे विभाजक हा निम्मा विषय झाला. दोन संख्यांच्या विभाजकांत जे दोन्हीकडे सापडतात ते सामाईक, आणि त्यांतला सगळ्यात मोठा तो महत्तम सामाईक विभाजक, शाळेतला मसावि. बारामतीत मसाविचं उदाहरण घ्यायचं तर कऱ्हेकाठच्या मोरोपंतांकडून घ्यावं. बाबूजी नाईकांच्या आश्रयाने मोरोपंत (१७२९–१७९४) बारामतीत राहिले. मराठीत ज्या रचनेला आपण सरसकट आर्या म्हणतो, ती त्यांची रचना बहुतेक गीती आहे. तिच्या चरणांत १२, १८, १२, १८ मात्रा. बाराचे विभाजक १, २, ३, ४, ६, १२. अठराचे १, २, ३, ६, ९, १८. दोन्हीकडे १, २, ३, ६, म्हणून मसावि सहा. त्यांच्या केकावलीचं वृत्त पृथ्वी. ओळीत सतरा अक्षरं, यती आठावर आणि मग नवावर. सतरा ही मूळसंख्या, तिचे समान तुकडे होत नाहीत. आणि आठ व नऊ यांचा मसावि एक, म्हणजे त्या सहमूळ संख्या. मात्र छंदशास्त्र आर्येची मोजणी सहाच्या मापाने करत नाही. ते चार-चार मात्रांचे गण पाडतं, बारात तीन आणि तीस मात्रांच्या अर्ध्या आर्येत साडेसात. मसावि सगळ्यात मोठं सामाईक माप देतो, पण ते चालीने म्हणण्याचं माप असेलच असं नाही.

विहिरीवर तो खरोखर उपयोगी पडतो. समजा, एका विहिरीत दोघांचा सहा-सहा आणे आणि तिसऱ्याचा चार आणे हिस्सा आहे. मोटार एकच, म्हणून दिवसांच्या पाळ्या लावायच्या. एका आण्याला एक दिवस धरला तर पहिला सहा दिवस पाणी घेणार, मग दुसरा सहा दिवस, मग तिसरा चार. पहिल्याची पुन्हा पाळी दहा दिवसांनी येणार. उन्हाळ्यात मकवान तोवर करपून जाईल. ६, ६ आणि ४ यांचा मसावि २. दोन आण्यांना एक दिवस धरला की तीन, तीन, दोन, आणि आठ दिवसांत फेरा पूर्ण. कुणाचा वाटा कमी-जास्त न करता, दिवस न मोडता याहून लहान फेरा निघत नाही. फेरा किती लहान करता येईल हे मसावि ठरवतो.

पाच आणे चार पै वाल्यांचंही तसंच. तिघे भाऊ, प्रत्येकाच्या ६४ पै, मसावि ६४, रोज एकाची पाळी, तीन दिवसांचा फेरा. एकाच्या दोन मुलांत वाटणी झाली की हिस्से ६४, ६४, ३२, ३२. मसावि ३२, दिवस दोन, दोन, एक, एक. फेरा सहा दिवसांचा. मसावि लहान झाला की फेरा लांबतो.

हिस्से असे नीटनेटके असतात तोवर विभाजकांच्या याद्या लिहून मसावि सापडतो. मूळ अवयव पाडूनही सापडतो. दोन्हीकडे असलेले अवयव तेवढे उचलायचे आणि गुणायचे. संख्या जरा आडमुठ्या असल्या की दोन्ही रीती दमवतात. ३७७ आणि २२१ घ्या. यांचे अवयव चटकन कोण सांगेल? इथे तिसरी रीत कामाची. मोठ्यातून लहान वजा करा, उरलं १५६. आता २२१ आणि १५६, उरले ६५. १५६ मधून ६५ दोनदा काढले, उरले २६. ६५ मधून २६ दोनदा, उरले १३. २६ मधून १३ दोनदा काढले, काहीच उरलं नाही. शेवटी हातात राहिले ते तेरा, तोच मसावि. पडताळा: ३७७ = १३ × २९, २२१ = १३ × १७.

हे चालतं कशामुळे? एखाद्या मापाने ३७७ आणि २२१ दोन्ही पुरते मोजले जात असतील तर त्यांचा फरकही त्या मापाने पुरता मोजला जाणारच. उलट, लहान संख्या आणि फरक मोजणारं माप मोठ्या संख्येलाही मोजेल. म्हणून वजाबाकीने संख्या आखूड होत जातात, सामाईक मापं मात्र तीच राहतात. एकही गळत नाही, एकही नवं शिरत नाही. युक्लिडने इ.स.पूर्व ३०० च्या सुमारास आपल्या ग्रंथाच्या सातव्या भागाची सुरुवातच या रीतीने केली आहे.

आपल्याकडे तिचं घर कुट्टक, म्हणजे समीकरणांची पूर्णांकी उत्तरं शोधण्याचं जुनं गणित. आर्यभटाने इ.स. ४९९ मध्ये ते मांडलं. भास्कराचार्यांनी ११५० च्या लीलावतीत कुट्टकाचं प्रकरण दिलं, त्यात दोन संख्या परस्परांनी भागत जायचं, शेवटचा उरेल तो त्यांचं अपवर्तन, आणि त्याने भागून घेतलेल्या संख्या दृढ, अशी व्यवस्था आहे. अपवर्तन म्हणजे आपला मसावि. त्या परंपरेचा दगडी पुरावा जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळच्या पाटण्याला आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याचा शके ११२८ चा शिलालेख तिथल्या देवळात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. अभ्यासक्रमासाठी दान लावून दिल्याची नोंद शिलालेखात असावी, हे मला फार आवडतं.

ही रीत किती वेगवान आहे याचा हिशेब फ्रेंच गणितज्ञ लामे याने १८४४ मध्ये दिला. लहान संख्येत जितके अंक, त्यांच्या पाचपटीहून जास्त भागाकार कधीच लागत नाहीत. शंभर अंकी दोन संख्या दिल्या तरी पाचशेच्या आत उत्तर. याच्या उलट, एकाच मोठ्या संख्येचे अवयव शोधणं भलतंच अवघड. आरएसए नावाची गुप्त लेखनाची पद्धत १९७७ पासून याच अडचणीवर उभी आहे. दोन मोठ्या मूळसंख्यांचा गुणाकार उघड ठेवायचा आणि तो फोडता येणार नाही या भरवशावर निर्धास्त राहायचं. २५० अंकांची अशी एक आव्हान-संख्या २०२० मध्ये फुटली, तीही हजारो संगणकांचं काम एकत्र लावून. दोन संख्यांतलं सामाईक काय, हे लगेच कळतं. एकाच संख्येच्या पोटात काय, ते कळत नाही. हा विरोधाभास मला अजून पुरता पचलेला नाही.

शेतात परत येऊ. २५२ फूट लांब आणि १८० फूट रुंद डाळिंबाच्या बागेला तारेचं कुंपण करायचं आहे. चारही कोपऱ्यांवर खांब हवा आणि सगळीकडे अंतर सारखं हवं. २५२ मधून १८० गेले ७२, १८० मधून ७२ दोनदा गेले ३६, ७२ मधून ३६ दोनदा गेले शून्य. मसावि ३६. खांबांचं अंतर पूर्ण फुटांत ठेवायचं तर ते ३६ फूट किंवा ३६ चा कोणताही विभाजक असलं तरच कोपरे जमतील. ३६ फुटांवर तार लोंबेल, म्हणून नऊ घेतले. लांबीत २८ भाग, रुंदीत २०, चारही बाजूंना मिळून ९६ खांब. दहा फुटांचा हट्ट धरला तर रुंदीत जमतं, लांबीत शेवटी दोन फूट उरतात. अनुभवी गवंडी ते दोन फूट शेवटच्या खांबाजवळ खपवून टाकतो, हे खरंच.

सगळ्यात शेवटी मोटारीचा आणि विजेचा मेळ. शेतीची थ्री-फेज वीज बऱ्याच ठिकाणी आळीपाळीने दिवसा आणि रात्री मिळत आली आहे. वेळापत्रकं बदलत असतात, पण हिशेबासाठी समजा की एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री. म्हणजे विजेचा फेरा १४ दिवसांचा. रात्रीची पाळी म्हणजे अंधारात दारं धरणं, साप-विंचवाची आणि हल्ली बिबट्याची धास्ती. ती कुणा एकाच्याच वाट्याला नेहमी येऊ नये एवढी अपेक्षा असते.

मघाची सहा दिवसांच्या फेऱ्याची विहीर घ्या. ६ आणि १४ यांचा मसावि २, आणि लसावि, म्हणजे दोघांच्याही पाढ्यात येणारी सगळ्यात लहान संख्या, ४२. बेचाळीस दिवसांत ज्याला एकच दिवस मिळतो त्याच्या सात पाळ्या होतात. त्यांतल्या चार दिवसाच्या तर तीन रात्रीच्या, किंवा उलट. शेजाऱ्याचंही तेच. आता सोयीसाठी कुणी म्हणालं, वार बांधून घेऊ, सोमवार तुझा, मंगळवार माझा. फेरा सात दिवसांचा झाला. ७ आणि १४ यांचा मसावि ७. पाळी एकाआड एक दिवसा आणि रात्री येईल. हेही ठीक. पण हिस्सेदार वाढले आणि फेरा चौदा दिवसांचा ठरला, तर मसावि १४. ज्याची पहिली पाळी रात्रीच्या आठवड्यात पडली, त्याची पुढची प्रत्येक पाळी रात्रीचीच. अठ्ठावीस दिवसांचा फेरा ठरवला तरी तेच.

आणे-पैच्या विहिरीत ही वेळ येत नाही. हिस्से जर पूर्ण पैंचे असतील तर फेऱ्याचे दिवस म्हणजे १९२ भागिले त्या हिश्शांचा मसावि, म्हणजे फेरा हा १९२ चाच कुठला तरी विभाजक: तीन, चार, सहा, आठ, बारा, सोळा वगैरे. त्या चौदा विभाजकांत सात नाही, चौदा नाही, सातच्या पाढ्यातली कोणतीच संख्या नाही, कारण फोडणीत दोन आणि तीन सोडून काही नाहीच. १४ शी त्यांचा मसावि फार तर दोन. आठवड्याच्या विजेशी अशी विहीर कधी अडकून बसत नाही. अडकते ती पै मोडून चौदा दिवसांचा फेरा बांधला की.